रोगमुक्तीचा खोटा ताळेबंद

दरवर्षी फेब्रुवारीच्या १५ तारखेस आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन पाळला जातो. शहरातील एखाद्या सभागृहात सोनेरी फिती लावलेली मुले मंचावर रांगेने उभी केली जातात. कोणी नट अथवा उद्योगपती त्यांच्या मस्तकावरून हात फिरवितो. कर्करोगाला हरविणाऱ्या या ‘वीरां’साठी टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि पुठ्ठ्यावर छापलेला हातभर लांबीचा धनादेश छायाचित्रकारांपुढे धरला जातो. या सोहळ्यात एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो म्हणजे रांगेतल्या मुलांचे वय. पाहुण्यांना जो आठ वर्षांचा वाटतो, तो मुलगा कित्येकदा तेरा वर्षांचा असतो. ‘किती लवकर मोठी झाली!’ असे कौतुक जिच्या वाट्याला येते, ती मुलगी जेमतेम नऊ वर्षांची असते; तिचे शरीर वेळेआधीच तारुण्यात ढकलले गेलेले असते आणि थोड्याच काळात तिची उंची कायमची थांबणार असते. टाळ्या संपतात, दिवे मालवतात, मुले आपापल्या गावी जातात. ज्या शासनाने, ज्या विश्वस्त निधींनी आणि ज्या दानशूरांनी त्यांच्या उपचारांचा भार उचलला, ते सारे आपापल्या वहीत ‘रोगमुक्त’ असा शेरा मारून खाते बंद करतात.

हे खाते बंद करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

बालकर्करोगावरील उपचार ही विसाव्या शतकातील वैद्यकाने मिळविलेल्या मोठ्या विजयांपैकी एक आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. १९४८ पूर्वी ल्युकेमिया झालेले मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दगावत असे. त्या वर्षी बोस्टन येथील सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन या औषधाने रोग निदान तात्पुरता तरी मागे हटतो, हे दाखवून दिले. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तेथील संशोधनाची धुरा आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. असो. आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. भारतात दरवर्षी अंदाजे ७५ हजार मुलांना हा रोग होतो. त्यांतील कित्येकांचे निदानच होत नाही, कित्येकांचे उपचार पैशाअभावी अर्धवट सुटतात. परंतु जी मुले चांगल्या केंद्रापर्यंत पोहोचतात आणि उपचार पूर्ण करतात, त्यांच्यापैकी बहुसंख्य जगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये उद्दिष्ट ठरविले ते असे, की २०३० पर्यंत जगातील निदान साठ टक्के बालरुग्ण वाचावेत. उद्दिष्ट स्तुत्य आहे. पण जगण्याची मोजदाद जेथे संपते, तेथूनच या मुलांच्या दुसऱ्या दुखण्याचा प्रारंभ होतो, आणि त्या दुखण्याची मोजदाद कोणत्याही उद्दिष्टात नाही.

हे दुसरे दुखणे संप्रेरकांचे आहे. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा संप्रेरकांचा एखादा तरी विकार जडतो, असे या विषयातील तज्ज्ञांचे मत आहे. निम्म्यांना! एखाद्या कारखान्यातील निम्म्या कामगारांना काम सोडल्यावर एकच विकार जडू लागला, तर त्या कारखान्याची चौकशी होईल, निदान व्हावी अशी मागणी तरी होईल. येथे मागणीसुद्धा नाही.

असे का घडते, हे समजण्यास वैद्यकाच्या पदवीची आवश्यकता नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. डॉक्टर तिला पिट्युइटरी म्हणतात. शरीराची वाढ, यौवनाचा आरंभ, अवटू म्हणजेच थायरॉइड ग्रंथीचे काम, संकटकाळी लागणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा पुरवठा, हे सारे तिच्या आणि तिच्या वरच्या अधश्चेतकाच्या हुकमतीखाली चालते. मेंदूत गाठ झाली असता, किंवा रक्ताचा कर्करोग मेंदूत दडून बसू नये म्हणून, डोक्याला किरणोपचार दिले जातात. किरणांना वैरी कोण आणि घरचा कोण हे कळत नाही. साधारण १८ ग्रे मात्रेच्या पुढे वाढीचे संप्रेरक कमी पडण्याचा धोका ठळक होतो. ३० ग्रेच्या पुढे ग्रंथीची इतर कामेही एकामागून एक बंद पडू लागतात. मेंदूतील काही गाठींसाठी तर ५४ ग्रेपर्यंत मात्रा द्यावी लागते. ग्रंथी त्याच दिवशी बंद पडत नाही. ती वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे, कधी दहा वर्षे घेते. तोवर सोनेरी फितीचा सोहळा केव्हाच पार पडलेला असतो.

यातही एक क्रूर फसवणूक आहे. मध्यम मात्रेच्या किरणांनी लहान मुलींमध्ये बहुधा यौवन लवकर येते. त्यामुळे मुलगी झपाट्याने वाढते आहे असे दिसते. आई समाधान पावते, शाळेतील बाई कौतुक करतात. वास्तविक वाढीचे संप्रेरक कमी पडलेले असते आणि हाडांची टोके मात्र वेळेआधी जुळत चाललेली असतात. ती एकदा जुळली की जगातील कोणतेही औषध उंची देऊ शकत नाही. ज्यांच्या पाठीच्या कण्यालाही किरण दिलेले असतात, त्यांचे धड आखूड राहते, ते निराळेच. मानेला किरण मिळालेल्या, विशेषतः हॉजकिनच्या रुग्णांची अवटू ग्रंथी मंदावते. पुढे तीत गाठी होण्याचा, क्वचित कर्करोगाचाही धोका असतो. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे मोठ्या मात्रेत दिली गेली, किंवा ओटीपोटास किरण मिळाले, तर अंडाशय आणि वृषण निकामी होऊ शकतात. दीर्घकाळ दिलेली स्टेरॉइडे हाडे ठिसूळ करतात. अस्थिमज्जेचे रोपण करण्यापूर्वी ज्यांच्या सर्वांगास किरण दिले गेले, त्यांना तारुण्यातच मधुमेह गाठतो.

या सर्वांत जीवघेणा विकार सर्वांत कमी दिसणारा आहे. पीयूषिकेकडून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना हुकूम जाईनासा झाला, की शरीर नेहमीच्या दिवशी कसेबसे निभावून नेते. पण ताप आला, जुलाब-उलट्या झाल्या, हात मोडला, की जादा कॉर्टिसॉल लागते आणि ते मिळत नाही. रक्तदाब कोसळतो, रक्तातील साखर उतरते, मूल ग्लानीत जाते. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचे एक इंजेक्शन जीव वाचविते. परंतु नांदेड वा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्याच्या दिवसांत उलट्या होत असलेला बारा वर्षांचा मुलगा आणला गेला, तर सहा वर्षांपूर्वी त्याच्या डोक्याला किती ग्रे किरण दिले होते, हे तेथील तरुण डॉक्टरने कोठून जाणावे? आईजवळ रुग्णालयाची फाइल असलीच, तर ती इंग्रजीत असते आणि घरी पत्र्याच्या पेटीत असते. मृत्यूचे कारण जुलाब म्हणून लिहिले जाते. हा मुलगा मुंबईच्या वहीत ‘बरा झालेला’ असतो आणि गावच्या वहीत ‘मेलेला’. या दोन वह्यांची गाठ कधी पडत नाही.

हे ज्ञान नवे आहे काय? मुळीच नाही. मँचेस्टर येथील स्टीफन शॅलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील गाठींवर उपचार झालेल्या मुलांच्या पीयूषिकेचे काय होते, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकेतील जूलिओ डँजिओ यांनी नुसते रोगातून बरे करणे पुरे नाही, असे आपल्या व्यवसायबंधूंना बजावले. अमेरिकेत १९९४ पासून अशा हजारो व्यक्तींचा वर्षानुवर्षे माग ठेवला जात आहे. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९१ मध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र चिकित्सालय उघडले. २०१६ पासून काही केंद्रांतील बालकर्करोगतज्ज्ञांनी एकत्र येऊन बरे झालेल्यांची नोंद ठेवण्याचा उपक्रम आरंभिला. म्हणजे ज्यांनी जाणावयाचे, त्यांनी जाणले आहे आणि आपल्या परीने केलेही आहे. पन्नास वर्षे झाली. ज्ञान डॉक्टरांपाशी राहिले, अर्थसंकल्पापर्यंत पोहोचले नाही.

येथे वैद्यकाचा विषय संपतो आणि अर्थशास्त्राचा सुरू होतो. एखादा कारखानदार आपले सांडपाणी नदीत सोडतो आणि वर्षअखेरीस नफा दाखवितो. त्याच्या ताळेबंदात खोटे काही नसते. फक्त खालच्या गावांनी सोसलेला खर्च त्यात धरलेला नसतो. बालकर्करोगाच्या उपचारांचा हिशेब असाच मांडला जातो. शस्त्रक्रियेचा खर्च, औषधांचा खर्च, किरणोपचारांचा खर्च हे सारे खर्चाच्या बाजूस आणि एक वाचलेला जीव जमेच्या बाजूस, की हिशेब पुरा. त्यानंतर त्या जिवास आयुष्यभर लागणाऱ्या गोळ्या, तपासण्या, शहराच्या खेपा, बुडालेली मजुरी, हा सारा खर्च खालच्या गावाचा.

२०१८ च्या सप्टेंबरात सुरू झालेली आयुष्मान भारत योजना याच हिशेबावर उभी आहे. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण, ही रक्कम लहान नव्हे. परंतु हे संरक्षण रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. घरी गेल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतच्या औषधांची जबाबदारी योजना घेते. ज्या मुलास पंधरा वर्षे रोज गोळी घ्यावयाची आहे, त्याच्यासाठी पंधरा दिवस! बाह्यरुग्ण विभागात येऊन, रक्त तपासून, चिठ्ठी घेऊन जाणारा रुग्ण तिच्या लेखी रुग्णच नव्हे. योजनेच्या दृष्टीने आजार म्हणजे खाट. संप्रेरकांच्या विकाराला खाट लागत नाही, हाच त्याचा अपराध. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो १.८४ टक्के होता, आणि देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट आपल्या खिशातून मोजली होती. तो खिसा कोणाचा, हे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि परळच्या पदपथांवर पथाऱ्या टाकलेल्या माणसांकडे पाहून कोणालाही समजेल.

‘पैसा नाही’ हे यावरचे ठरलेले उत्तर. ते तपासून पाहिले पाहिजे. थायरॉक्सिनची गोळी रुपया-दोन रुपयांना मिळते. हायड्रोकॉर्टिसोनही महाग नाही. तालुक्याच्या दुकानात ते सहज मिळत नाही याचे कारण किंमत नसून विक्रीचा तोटकेपणा हे आहे, आणि बाजाराला जेथे नफा दिसत नाही तेथे पुरवठा करणे हेच तर शासनाचे काम. अंडाशय निकामी झालेल्या मुलीस लागणारी इस्ट्रोजेनची गोळी स्वस्त आहे. उंची मोजण्यासाठी तर भिंत आणि पट्टी पुरते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारित वाढ-आलेख प्रसिद्ध केले आहेत; त्यामागील कामात पुण्याच्या वामन आणि अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. त्या आलेखावर सहा-सहा महिन्यांनी एक ठिपका मांडला, तरी वाढ रेंगाळल्याचे रक्ततपासणीच्या आधी कळते. खर्च ठिपक्याचा नाही. तो ठिपका मांडण्याची जबाबदारी आपली आहे असे मानणारा माणूस नेमण्याचा आहे.

महाग आहे ते वाढीचे संप्रेरक. त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. १९८५ पर्यंत ते मृतांच्या पीयूषिकांतून काढले जाई. शेकडो मृतदेहांपासून थोडेसे मिळे, त्यामुळे ते दुर्मीळ असणे अपरिहार्य होते. त्या वर्षी, अशा संप्रेरकातून मेंदूचा एक असाध्य रोग पसरल्याचे उघड झाल्यावर ते अमेरिकेत बंद करण्यात आले, आणि त्याच वर्षी जीवाणूंकडून तयार करविलेले संप्रेरक तेथे बाजारात आले. तेव्हापासून ते हवे तेवढे तयार करता येते. निसर्गाने निर्माण केलेली टंचाई संपली. तिची जागा किमतीच्या टंचाईने घेतली. आपल्याकडे रोजच्या इंजेक्शनांचा वर्षाचा खर्च लाखाच्या घरात जातो, आणि मूल जसजसे वाढते तसतशी मात्राही वाढते. म्हणजे औषध जितके लागू पडावे तितके ते महाग होत जाते. हे संप्रेरक कर्करोगातून उठलेल्या प्रत्येक मुलास द्यावयाचे नसते. ते केव्हा द्यावे, रोग उलटण्याची भीती कितपत धरावी, हा तज्ज्ञाने प्रत्येक मुलापुरता घ्यावयाचा निर्णय आहे. परंतु आज तो निर्णय तज्ज्ञ घेत नाही, बापाची मिळकत घेते. एड्सवरील आणि क्षयावरील औषधे शासन एकगठ्ठा खरेदी करून फुकट वाटू शकते, तर काही हजार मुलांसाठी लागणारे हे औषध त्याच रीतीने का घेता येऊ नये, याचे उत्तर अर्थमंत्रालयाने द्यावयाचे आहे. तेही लवकर, कारण हाडांची टोके जुळली की ही हुंडी वटत नाही.

या मागणीवर एक आक्षेप प्रामाणिक माणसेही घेतात, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. ते म्हणतात, या देशात निम्मी मुले उपचाराच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत. अगोदर जीव वाचवा, उंचीचे मागून पाहू. ऐकावयास हे वास्तववादी वाटते. परंतु हा युक्तिवाद दोन गोष्टी झाकून ठेवतो.

पहिली गोष्ट उपचारांच्या इतिहासातच आहे. १९८० च्या दशकात मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथील संस्थांनी ल्युकेमियासाठी एमसीपी ८४१ नावाची उपचारपद्धती स्वीकारली. तिच्यामुळे मुलांचे जगण्याचे प्रमाण कितीतरी वाढले. त्या काळी आणि त्या साधनांत तो निर्णय योग्यच होता. तीत मेंदूस किरणोपचार अंतर्भूत होते. पुढे श्रीमंत देशांनी, रक्ततपासण्यांची आणि पाठीच्या कण्यातून द्यावयाच्या औषधांची जोड देऊन, ल्युकेमियाच्या बहुतेक मुलांचे हे किरणोपचार टाळले. अमेरिकेतील मेंफिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने ते सर्वच मुलांत टाळूनही रोग आटोक्यात येतो, हे २००९ मध्ये दाखविले. त्यासाठी लागतात त्या बारीक तपासण्या, संसर्गापासून राखणारी व्यवस्था आणि पुरेशा परिचारिका. जेथे त्या नाहीत, तेथे किरण अधिक काळ वापरले गेले, कारण ते स्वस्त होते. कोणासाठी स्वस्त? रुग्णालयासाठी आणि तिजोरीसाठी. त्या स्वस्ताईची बाकी मुलाच्या पीयूषिकेवर चढली. गरीब देशाने आपल्या मुलांच्या शरीरांतून काढलेले हे कर्ज आहे. कर्ज काढणे अटळ होते, असे म्हणता येईल. ते फेडावयाचे नाही, असे कसे म्हणता येईल? त्या दशकातील मुले आज चाळिशीत आहेत. त्यांना कोणी शोधावयास गेले आहे काय?

दुसरी गोष्ट अशी की, ‘अगोदर जीव’ हा क्रम केवळ गरिबांच्या मुलांसाठी लावला जातो. ज्यांच्यापाशी पैसा आहे, त्यांना जीव, उंची आणि तारुण्य यांतून निवड करावी लागत नाही. त्यांचे मूल संप्रेरकतज्ज्ञाकडे वेळेवर जाते. तेव्हा हा क्रम वैद्यकाचा नव्हे, वर्गाचा आहे.

आणि मुली? भारतातील रुग्णालयांच्या नोंदवह्यांत कर्करोगाच्या मुलांची संख्या मुलींपेक्षा बरीच अधिक दिसते. रोगाने मुलींवर एवढी मेहेरनजर केलेली नाही. त्यांना आणलेच जात नाही, हा त्याचा मुख्य अर्थ. जी आणली जाते आणि वाचते, तिच्या वाट्यास पुढे मौन येते. मुलाची उंची वाढत नाही म्हणून बाप निदान कोठेतरी विचारपूस करतो; उद्या पोलीस भरतीत १६५ सेंटीमीटर मोजले जाणार आहेत, हे त्याला ठाऊक असते. मुलीची पाळी आली नाही, किंवा फार लवकर आली, तर घरात कुजबूज होते आणि दार लावले जाते. ‘सोयरीक जुळायची आहे, आता डॉक्टरचे नाव काढू नका,’ असे आजी म्हणते आणि आई गप्प बसते. सोयरीक जुळते, रोगाची गोष्ट लपविली जाते, पाच वर्षांनी मूल होत नाही म्हणून ती मुलगी परत पाठविली जाते, आणि त्या वेळी तिला प्रथमच कळते, की तिच्या अंडाशयांचे काय झाले हे तिच्या फाइलीत सातव्या वर्षापासून लिहिलेले होते. मधल्या काळात इस्ट्रोजेन न मिळाल्याने तिची हाडे पोकळ झालेली असतात. जी गोष्ट उपचार संपतेवेळी, आईबापांना आणि पुढे कळत्या वयात खुद्द तिला, धीराने आणि मराठीत समजावून सांगावयास हवी होती, ती तिला सासरचे लोक सांगतात. मुलांच्या बाबतीत प्रकार निराळा, मौन तेच. वयात आलेल्या मुलाचे वीर्य उपचारांपूर्वी गोठवून ठेवता येते. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाच्या बापाजवळ हा विषय काढण्याचा संकोच भल्याभल्या डॉक्टरांनाही होतो, आणि उपचार सुरू होऊन जातात.

नोकरी, विमा, कर्ज या दारांवर याच रोगमुक्तांना पुन्हा ‘रोगी’ ठरविले जाते, हेही पाहण्याजोगे आहे. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा करून, ठरावीक काळानंतर जुन्या कर्करोगाची माहिती कर्जाच्या विम्यासाठी न सांगण्याचा हक्क नागरिकास दिला; २०२२ मध्ये तो काळ उपचारसमाप्तीनंतर पाच वर्षांवर आणला. आपल्याकडे असा कायदा नाही. शासनाला खर्च करावयाचा असतो तेव्हा हे मूल बरे झालेले असते, आणि विमा कंपनीला पैसे द्यावयाचे असतात तेव्हा ते आजारी असते. दोन्हीकडून एकाच जिवाची ही लबाड मोजणी चालते आणि दोन्ही मोजण्या नियमानुसार असतात!

दानधर्माने यावर तोडगा निघेल, या भ्रमातही राहू नये. दाता डोळ्यांपुढे घडणारा चमत्कार विकत घेतो. टक्कल पडलेल्या मुलाच्या चित्रावर पैसा गोळा होतो. केस पुन्हा उगवलेल्या, चारचौघांसारख्या दिसणाऱ्या, फक्त हातभर बुटक्या राहिलेल्या आणि दुपारी चारला थकून झोपणाऱ्या मुलीच्या चित्रावर होत नाही. थायरॉक्सिनच्या गोळीचे उद्घाटन करता येत नाही. म्हणून हे काम हक्काच्या भाषेतच मागावे लागेल, आणि ते फार मोठे आहे असेही नाही. उपचार संपल्याच्या दिवशी प्रत्येक मुलास त्याच्या भाषेत लिहिलेले एक पत्रक मिळावे: कोणती औषधे किती दिली, किरण कोठे आणि किती ग्रे दिले, कोणत्या वर्षी काय तपासावयाचे, आणि तापात कोणते इंजेक्शन द्यावयाचे. त्या मात्रा शासनाच्याच पैशाने दिल्या गेल्या आहेत. त्यांचा हिशेब मागणे हा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस या तपासण्यांसाठी असावा, म्हणजे एका रक्ततपासणीपायी गडचिरोलीच्या माणसास मुंबई गाठावी लागणार नाही. संप्रेरकांची औषधे आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले या दोन्ही योजनांत, खाटेची अट न घालता, समाविष्ट व्हावीत.

यासाठी नवे खाते उघडण्याचीही गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच सुरू झाला. त्याची फिरती पथके, दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता अशी, वर्षातून एकदा प्रत्येक सरकारी शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत जावीत, अशी योजना आहे. त्यांच्यापाशी वजनकाटा आहे, उंचीची पट्टी आहे. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मुलांत शोधावयाच्या तीस व्याधी ठरविण्यात आल्या. त्यांत दंतक्षय आहे, गलगंड आहे, मुडदूस आहे. ‘या मुलावर पूर्वी कर्करोगाचे उपचार झाले आहेत काय?’ हा प्रश्न त्या यादीत नाही.